वरणभात खाणारे न्यूट

"शिजवलेली मूगडाळ आहे. बघ, आता घेईल," असं म्हणून गुणवंतरावांनी चिमट्यातला दाणा न्यूटच्या तोंडापुढे धरला. न्यूट जागचा हलला नाही. मग त्याने तोंड फिरवलं आणि तो झाडाच्या सालीखाली निघून गेला. "पोट भरलंय त्याचं," गुणवंतरावांनी निकाल दिला.

निकाल ऐकायला यूनुस होता. तो रत्नागिरीचा, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात गुणवंतरावांच्या हाताखालचा; दुपारी साहेबांचं खाणं खालून तोच आणून देई. त्याची गाडी मोठी, म्हणून सुट्टी असूनही साहेबांनी त्याला सिलिकॉन ओएसिसला घरी बोलावून घेतलं होतं. न्यूटची काचेची टाकी ऊद मेथाच्या सभागृहात न्यायची होती. तिथे आज 'सात्त्विक आहार' या विषयावर गुणवंतरावांचं भाषण होतं, आणि पुरावा म्हणून हे बोटभर लांबीचे, दिसायला पालीसारखे पण बेडकासारखे उभयचर न्यूट टेबलावर ठेवायचे होते.

न्यूट खरे मिहिकाचे, म्हणजे त्यांच्या मुलीचे. तिने ते अंड्यापासून वाढवले. पाण्यात पोहत होते तोवर बापाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग त्यांचे कल्ले गेले आणि ते पाण्याबाहेर येऊन बसू लागले. मिहिकाने टाकीतलं पाणी काढलं, ओलं शेवाळ अंथरलं, उथळ वाटी ठेवली. खोलीचा एसी तिने इतका खाली आणला की दुबईच्या उन्हाळ्यात ती स्वेटर घालून अभ्यास करू लागली. इथवर सगळं ठीक होतं. पण आता यांना जिवंत किडे लागतात, असं तिने सांगितलं आणि गुणवंतरावांना आयतंच व्यासपीठ मिळालं.

"माझ्या घरात जीव मारून जीव पोसायचा नाही. वरणभात घाला. भूक लागली की सगळे खातात."

स्वतःच्या पानात भात जरा निवलेला आला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस. पण घरात शब्द त्यांचाच. रोज सकाळी ते टाकीत एका बशीत चार शितं आणि डाळ ठेवून ऑफिसला जात. संध्याकाळी बशी रिकामी असे. न्यूट तर चांगले गुटगुटीत झाले. मग काय, आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते सांगू लागले की संस्कार असले तर पालसुद्धा सुधारते. न्यूट म्हणजे पाल नव्हे, हे मिहिकाने एकदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

"शिक काहीतरी, यूनुस," आत्ताही ते म्हणाले. "हे मुके जीव सुधारले. तुम्ही लोक कधी सुधारणार?"

यूनुस कसनुसं हसला आणि चहाच्या कपात बघत राहिला. "जी सर," एवढंच म्हणाला. साहेबांना वाटलं, याला आपलं म्हणणं पटलं. असल्या माणसांना नेहमी तसंच वाटतं.

"आणि भाषण झालं की टाकी थेट माझ्या केबिनमध्ये," गुणवंतरावांनी पुढे जाहीर केलं. "क्लायंट येतात, चार लोक बघतील. यांचं खाणंपिणं यापुढे मी बघीन. खलास."

मिहिकाचा चेहरा पडला. "बाबा, नो. दे विल स्टार्व्ह देअर."

"वरणभातावर एवढे पोसले ते आता उपाशी कसे मरतील?"

याचं उत्तर मिहिकाला ठाऊक होतं, पण ते दिलं तर आई अडचणीत येणार होती. तिने नुसतं आईकडे, मनोरमाबाईंकडे पाहिलं. तोवर यूनुसने टाकीखाली हात घातलेसुद्धा.

"यूनुसभाई, ठेवा खाली," मनोरमाबाई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाच्या डब्यामागून एक बरणी घेऊन आल्या. तोंडाला फडकं बांधलेलं, आत काळं पडलेलं केळं, आणि त्यावर चिलटंच चिलटं. टाकीचं झाकण सरकवून त्यांनी बरणी आत झटकली. चिलटं शेवाळावर चालू लागली. सालीखालचा न्यूट लगेच बाहेर आला. जीभ निघाली, एक चिलट गेलं. मग दुसरं. बाकीचेही कोपऱ्याकोपऱ्यातून आले. मिहिकाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"रोज दुपारी हेच घालते," मनोरमाबाई म्हणाल्या. "तुमचा वरणभात कचऱ्यात जातो."

गुणवंतराव लालबुंद झाले. हाताखालच्या माणसासमोर शोभा झाली होती. "माझ्या घरात जीवहत्या? तीही माझ्या पाठीमागे? लाज नाही वाटली?"

"अहो, समोर काही हललं तरच त्यांना ते अन्न वाटतं. मेलेलं चालत असतं तर ही चिलटं कशाला पाळत बसले असते? खालून एक चिकन शवर्मा मागवला असता आणि मोकळी झाले असते."

गुणवंतरावांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ते गर्रकन यूनुसकडे वळले.

"तू सांगितलंस हिला?"