तेरावा भाग

"डॉक्टर, मी काय म्हणत होते..."

"आधी जीभ दाखवा."

शिलाईमावशींनी मुकाट्याने जीभ काढली. जीभ स्वच्छ होती. रक्तदाबही नेहमीसारखाच ठणठणीत. डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला, तरी मावशी उठल्या नाहीत. समोरच्या इमारतीत चाळीस वर्षं दुनियेचे कपडे शिवणारी ही बाई अलीकडे दर आठवड्याला दवाखान्यात हजर असायची. कधी गुडघा, कधी धडधड, कधी नुसतंच "बघा ना जरा." बघण्यासारखं काही नसायचं.

बाहेर बाकांवर आणखी नऊजण होते. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा. पाचपर्यंत बायकोला उत्तर द्यायचं होतं. ती आणि लेक दुसऱ्या शहरात राहत होत्या, आणि तिथल्या इस्पितळात डॉक्टरांसाठी एक जागा होती. याआधी दोनदा अशी जागा निघाली आणि दोन्ही वेळा यांनी टाळाटाळ केली. आज सकाळी बायको फोनवर भांडलीसुद्धा नाही. "हो की नाही, एवढंच सांग. या वेळी नाही म्हणालास, तर मी पुन्हा विचारणार नाही." भांडली असती तर बरं झालं असतं.

अडचण एकच होती. वस्तीला "मी जातो" म्हणायची डॉक्टरांची छाती होत नव्हती. माणूस तसा धीट. सुऱ्याचा वार खाऊन आलेल्याला टाके घालताना त्यांचा हात कधी हलला नाही. पण बावीस वर्षं ज्यांच्या जिभा बघितल्या, त्यांना तोंडावर हे सांगायचं म्हटलं की यांचीच जीभ टाळूला चिकटायची. म्हणून तर त्यांनी मालिकेची शक्कल लढवली होती.

आठ महिन्यांपूर्वी एक मालिकावाला चित्रीकरणासाठी दवाखाना मागायला आला. शहराच्या जुन्या, दाटीवाटीच्या भागातला एक डॉक्टर, अशी गोष्ट. नाव 'दवाखाना, तळमजला'. एकूण तेरा भाग. यांनी जागा दिली, पण लेखकाला बाजूला घेऊन गळ घातली, की तेराव्या भागात तुमच्या डॉक्टरला वस्ती सोडून जाऊ द्या. का जातो, कसा जातो, जाताना काय बोलतो, सगळं यांनीच सांगितलं. लेखक खूश, त्याला आयता शेवट मिळाला. वस्तीने एकदा टीव्हीसमोर रडून घेतलं की आपलं जाणं तिला जड जाणार नाही, असा डॉक्टरांचा भाबडा बेत. मग पंधरा दिवस दवाखाना त्या मंडळींच्या ताब्यात देऊन ते बायको-लेकीकडे निघून गेले.

मालिका सहाव्या भागालाच बंद पडली. या वस्तीशिवाय ती बघत होतं कोण! आणि त्या सहाव्या भागाच्या शेवटी तो उंचापुरा, देखणा नट छाती पुढे काढून म्हणाला, "मी इथून हलणार नाही!" झालं, तेवढंच राहिलं. खरे डॉक्टर बुटके, पोट सुटलेले, पण ते वाक्य त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

त्यात ही गर्दी. चित्रीकरणानंतर डॉक्टर परतले, त्या दिवसापासून वस्ती दवाखान्यात लोटली होती. टीव्हीचं खूळ आहे, ओसरेल, असं ते म्हणायचे. ओसरेना. लोक औषध घ्यायचे आणि बसून राहायचे. कुलूपवाला आला, तो न सांगता दाराच्या कुलपात तेल घालून गेला. पेंटरने सगळं घरदार आणून डॉक्टरांबरोबर फोटो काढून घेतला. एवढी माया म्हटल्यावर पाय निघणार कसा? डॉक्टर अडकित्त्यात सापडले होते, आणि अडकित्ता मायेचा असल्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती.

डोक्यावर पंखा तीनवर फिरत होता. चार वाजून वीस झाले.

"मावशी," डॉक्टर कसेबसे म्हणाले, "त्या मालिकेचा शेवटचा भाग दाखवायला हवा होता हो त्यांनी."

"दाखवायचा काय? आम्ही केला ना तो."

"केला म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी. त्या लोकांचं सगळंच उलटं, शेवट आधी उरकतात. आम्हा सगळ्यांना दारात उभं केलं आणि म्हणाले, डॉक्टर चाललेत, रडा. तो नट कुलूप लावून म्हणाला, 'माझी लेक मला फोनवर बघत मोठी झाली, आता मला जाऊ द्या. आणि नव्या डॉक्टरला सांगा, पंखा तीनच्या वर नेऊ नको, केकाटतो.'" मावशींनी वर बघितलं. "पंख्याचं त्या लिहिणाऱ्याला काय ठाऊक? तेव्हाच कळलं आम्हाला, हे बोलणं कुणाचं ते. पेंटर इतका रडला, की त्यांना ते तीनदा घ्यावं लागलं."

आठ महिने ज्या ओझ्याखाली डॉक्टर वाकले होते, ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

"मग बोलला का नाहीत कुणी?" त्यांनी विचारलं. "ही रोजची गर्दी बघून मला वाटलं, तुम्ही मला सोडायला तयार नाही."

शिलाईमावशींनी पदराने डोळे टिपले.

"निरोप घ्यायला येतो हो आम्ही, डॉक्टर. पण तोंड उघडलं रे उघडलं, की तुम्ही म्हणता, जीभ दाखवा."