गारच येतंय

नगरला प्लंबिंग शिकणाऱ्या आरतीनं पाथर्डीकडच्या आपल्या घरात सोलरच्या गरम पाण्याची लाइन स्वतः आखली, स्वतःच जोडली. पण आई रोज चुलीवरच पाणी तापवायची. "नळाला गारच येतंय," म्हणायची. आरतीच्या जिवाला चैन पडेना. स्लॅबवर चढून तिनं सगळे सांधे तपासले, नकाशा दहादा नजरेखालून घातला. चूक काही सापडेना.

शेवटी सकाळी ती न्हाणीच्या दारातच उभी राहिली. आईनं नळ सोडला आणि गार पाणी हाताला लागताच झटकन बंद केला.

"अगं आई, पायपातलं गार पानी आदी वाहून जाऊ दे की! मग गरम येतंय."

जन्मभर टँकरमागं हंडा घेऊन पळालेल्या आईनं नळ आणखीच घट्ट आवळला.


"पानी सांडायला शिकिवत्यात व्हय गं तितं?"