डोकं धरण्याची चाकरी

"महाराज, थोडं तरी मळमळतंय का?" ऑस्बर्टनं सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"छे रे," गलबताच्या कठड्याला रेलून मेंढीची तंगडी चघळत राजा म्हणाला. "समुद्र कसा तळ्यासारखा आहे."

ऑस्बर्टच्या पणजोबांना ओढ्याकाठची चाळीस एकर जमीन मिळाली, ती एकाच चाकरीवर: समुद्र ओलांडताना राजा ओकायला लागला, की त्याचं डोकं धरायचं. तीन पिढ्यांत एकही राजा गलबतावर चढला नाही आणि हे घराणं आपलं निवांत जमीन कसून खात राहिलं. आज पहिल्यांदा बोलावणं आलं, तर या राजाचं पोट लोखंडाचं निघालं.

"किनारा दिसायला लागला," राजाचा कारभारी ऑस्बर्टच्या कानाशी पुटपुटला. "चाकरी घडली नाही, तर जमीन जाते बरं का."

ते ऐकलं आणि जन्मात पहिल्यांदाच समुद्रावर आलेल्या ऑस्बर्टच्याच पोटात ढवळून आलं. तो कठड्यावरून असा काही ओणवा झाला, की पाण्यातच जायचा. पण कुणीतरी त्याचं डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं. ओकून झाल्यावर त्यानं तिरक्या डोळ्यांनी पाहिलं. त्या हातांना मेंढीची चरबी लागली होती आणि बोटात राजमुद्रेची अंगठी होती.

"कारभारी, डोकं धरील त्याची जमीन, असंच ठरलंय ना?" राजानं विचारलं.

"तसंच, महाराज."

"मग आजपासून ती माझी. कबूल आहे ना रे, ऑस्बर्ट?"

नाही म्हणायला मान हलवावी, तर डोकं अजून राजाच्याच हातात होतं.