तोंडी लावायला भोपळा

भोपळ्यात सुरी अडकली आणि प्रणितानं भोपळ्याला एक सणसणीत शिवी हासडली. ऐकायला होतं कोण?

तोंडी लावायला काहीतरी गोड करायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. लाल भोपळ्याच्या सालासकट जाड फोडी करायच्या, लोखंडी तव्यावर तुपात मंद आचेवर भाजायच्या, डाग पडले की उलटायच्या आणि शेवटी गूळ, चिमूटभर मीठ, वरून तीळ. झालं! काही पंचपक्वान्न नव्हे. पण शार्दूलचा त्यावर भारी जीव. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा केल्या, तेव्हा पठ्ठ्यानं थेट तव्यातच हात घातला होता आणि बोट भाजून घेतलं होतं.

गुळाचा डबा उघडला तर तळाशी नुसता चुरा. ती शेजारी गेली.

शेजारच्या धनलक्ष्मी अक्का मूळच्या निपाणीच्या. सगळा संसार बेंगळुरात झाला, तरी मराठी सुटली नव्हती.

“बेल्ला पाहिजे होय? थांब, देते की,” गुळाचा खडा वाटीत टाकत त्या म्हणाल्या. “काय करतीस?”

“भोपळा भाजतेय, अक्का.”

“एकटीसाठी एवढा खटाटोप?”

प्रणितानं वाटी हातात घेतली.

“यजमान कधी येणार गं अमेरिकेतनं? किती म्हैने झाले, तोंड बघितलं नाही मी त्यांचं.”

“मी तरी कुठे धड बघितलंय, अक्का. कामच तसलं आहे.”

“सरी, सरी, बरं. पण सांग त्यांना, बायकोपेक्षा काम मोठं नसतंय म्हणून.”

वाटी घेऊन ती घरात आली आणि उगाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदासुद्धा चिरला नव्हता, नाहीतर त्याच्यावर ढकलता आलं असतं.

शार्दूल शिकागोच्या घड्याळावर जगत होता. इथे दिवेलागण झाली की त्याचा दिवस उजाडायचा, आणि ती सकाळी उठायची तेव्हा तो झोपलेला असायचा. प्रोजेक्ट मिळालं तेव्हा म्हणाला होता, “सहाच महिने गं, डोळे मिटून काढू.” ते सहा महिने कधीच संपले होते. फोन करायची सोय नव्हती. एकदा मीटिंग चालू असताना तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला होता, त्यावरून त्यानं केवढं आकांडतांडव केलं! तेव्हापासून काय बोलायचं ते मेसेजवर.

फोडी चरचरू लागल्या. तिनं गूळ घातला. तो वितळून तुपात फसफसला आणि सगळं घर खमंग वासानं भरून गेलं. तिनं फोटो काढून पाठवला.

‘ओळख!’

उत्तर लगेच आलं. ‘भोपळा!! वास इथपर्यंत आला.’

एरवी तिला हसू आलं असतं. आज तिनं सरळ मुद्द्याला हात घातला. ‘आज सोबत जेवू या. फक्त आज. मला काहीतरी सांगायचंय.’

‘बघतो. अर्धा तास दे.’

सांगायचं होतं ते असं. लग्नाआधी ती मिरजेत ज्या शाळेत शिकवायची, तिथल्या मुख्याध्यापिका संध्याबाईंचा दुपारी फोन आला होता. जागा रिकामी होतेय, येतेस का? रात्री जेवणवेळेपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरीला विचारते.

जायचं तिच्या मनात नव्हतं, असं नाही. पण राहायचंही होतं. शार्दूल जेवताना नुसतं “नको ना जाऊस” म्हणाला असता, तरी तिनं संध्याबाईंना नाही कळवलं असतं. असल्या गोष्टी टाइप करून विचारायच्या नसतात. घास हातात असताना, एकमेकांकडे बघत विचारायच्या असतात.

तिनं चिकपेटेच्या बाजारातून हौसेनं आणलेली दोन ताटं काढली. आमटी, भात, पोळ्या. दोन्ही ताटांत डावीकडे मीठ, लिंबू, भोपळ्याच्या फोडी. मधल्या तांब्याला टेकवून फोन उभा केला, उत्तर आलेलं चटकन दिसावं म्हणून.

अर्धा तास गेला. आमटी निवली. तिनं ती पुन्हा गरम केली. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं. तेवढीच सोबत!

मग फोन उजळला. ‘अगं, क्लायंटनं कॉल वाढवला. आज नाही जमत. तू जेवून घे. माझ्यासाठी ठेव हं. उद्या नक्की!’

उद्या नक्की. हे दोन शब्द तिनं इतक्यांदा वाचले होते की त्यांचा आता राग येईनासा झाला होता. आणि त्याचीच तिला भीती वाटली.

तिनं एक फोड तोंडात टाकली. आजवर एवढी फक्कड कधीच जमली नव्हती. बाहेरून खरपूस, आत लोण्यासारखी मऊ. तिनं दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. मग हात धुतले आणि संध्याबाईंना फोन लावला.

“बाई, मी येते.”

“अगं, नवऱ्याला विचारलंस का?”

“विचारणार होते,” प्रणिता म्हणाली. “पण राहू दे आता.”

बॅग भरायला तिला फारसा वेळ लागला नाही. बाहेरच्या कपाटात होतं तेवढंच घेतलं. मग ती परत ताटांपाशी येऊन बसली. टाइप करायची नाही म्हटलेली गोष्ट तिनं शेवटी टाइप केली.

‘मी मिरजेला परत जातेय. शाळेत रुजू होतेय. भोपळा झाकून ठेवलाय.’

पाठवू की नको, असं झालं. मग तिनं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

चार पावलांवर, बेडरूमच्या बंद दाराआड, शार्दूलचा फोन टिंग करून वाजला.