शंभरातली सत्त्याण्णव

फुनाबोरीच्या गेम सेंटरमध्ये व्हिडिओ पोकरच्या नाण्यांचे पैसे होत नाहीत, ती घरीही नेता येत नाहीत, खेळूनच संपवायची. तरी दर रविवारी माझ्या ऑफिसमधला चारुदत्त माझ्या बायकोला विचारायचा, "प्रणिता, राणी ठेवू की टाकू?" ती हसत मनाला येईल ते सांगायची, तो तेच करायचा आणि इकडे माझ्या पोटात दुखायचं.

शेवटी इरेला पेटून मी मशीनवरचा बक्षिसांचा तक्ता घोकला. कुठला पत्ता धरला तर सरासरी किती परत येतं, सगळा हिशेब मांडला. अचूक खेळलं तर शंभरातली सत्त्याण्णव नाणी परत, वाट्टेल तसं खेळलं तर जेमतेम ऐंशी.

या रविवारी चारुदत्तचा नाण्यांचा कप बघता बघता रिकामा झाला. माझा अजून जवळजवळ भरलेलाच होता.

"बघितलंस? याला म्हणतात डोकं!" मी प्रणिताला ऐकवलं.




"हुशार आहेसच तू, सारंग," असं म्हणत तिने माझा कप उचलून चारुदत्तपुढे ठेवला. "तू हो पुढे. आम्हाला आता अजून तासभर बसता येईल."