सहभागी क्रमांक सात

पडद्यावर तिचा गुडघा आला आणि सभागृहात कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

गुडघा डावा होता. शेजारी तिचा फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेला. पट्टीच्या वर कपाळापासून मागे गेलेली पांढऱ्या केसांची बट, पट्टीच्या खाली हनुवटीवरचा तीळ, हातात लाल मुठीची काठी. फोटोखाली लिहिलं होतं: सहभागी क्रमांक सात. स्त्री, वय त्रेपन्न. एका दमात साठ गिरक्या घेणारी शहरातली एकमेव नर्तिका.

"ओळख पूर्णपणे गुप्त ठेवली आहे," डॉक्टर माइकवर म्हणाले. "त्याबाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत."

टाळ्या पडल्या.

अख्खं शहर तिला तीस वर्षं भोवरा म्हणत होतं. सभागृहातली निम्मी डोकी मागच्या रांगेकडे वळली, मग सभ्यपणा आठवून परत पुढे फिरली. पहिल्या रांगेतलं एक डोकं मात्र वळलं ते वळलंच. ते तिच्या नृत्यसंस्थेच्या संचालकांचं होतं. आजचे प्रमुख पाहुणे.

भोवऱ्याने काठी खुर्चीखाली सरकवली. आता सरकवून काय उपयोग होता म्हणा.

तीन विभागांनी मिळून केलेलं हे संशोधन. विद्यापीठाच्या नृत्य विभागाचे सर, पिळदार मिशांचे, वर्षभर तिचं नाचणं बघत बसले. डॉक्टरांनी गुडघा आडवा-उभा मोजला. आणि बाजारातल्या स्पर्धेचा कायदा शिकवणाऱ्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "एवढं दुखतं, तर नोकरी का नाही सोडत?"

तेव्हा तिने दार लावून घेतलं आणि सांगितलं. तिच्या संस्थेत प्रत्येक तुकडीला नाचूनच शिकवायचा नियम. खुर्ची मागितली की तोंडं वाकडी. शहरातल्या बाकीच्या दोन संस्थांत बसून, टाळी देत शिकवायची सोय होती. दोन्हीकडे ती जाऊन आली होती. दोन्हीकडे चहा मिळाला, आणि चहाबरोबर एकच वाक्य, "आधी तुमच्या संचालकांना विचारून या."

मॅडमचे डोळे लकाकले होते. "अहो, हे तर संगनमत! तीन संस्थांनी आपसांत ठरवून माणसं अडवून ठेवायची? कायद्याने चालत नाही हे. आपण सिद्ध करू. मग तुम्ही कुठेही जा."

त्या 'कुठेही'ला भुलून भोवऱ्याने बारा पानी संमतिपत्रावर सही ठोकली. तुमचं नाव कुठेही छापलं जाणार नाही, असं बाराच्या बारा पानांवर होतं.

नाव खरंच छापलं नव्हतं.

चहाच्या सुटीत संचालक स्वतःहून तिच्याकडे आले. आवाज पाकातून काढल्यासारखा. "बाई, गुडघ्याचं इतकं झालंय, आणि आम्हाला बोलला नाहीत? आता शास्त्रच सांगतंय म्हटल्यावर आम्ही कोण! उद्यापासून आराम करा."

"किती दिवस?"

"कायमचाच करा ना," असं म्हणून त्यांनी तिच्या हातातल्या बशीतलं बिस्कीट उचललं आणि ते गेले.

चोवीस वर्षांची नोकरी एका बिस्किटात बुडाली.

खिडकीपाशी तिघे संशोधक एकमेकांची पाठ थोपटत उभे होते. भोवऱ्याने जाऊन सांगितलं.

"काढलं? आज? इथेच?" मॅडमनी लगबगीने वही उघडली. "त्यांचे नेमके शब्द आठवतात का हो? वेळ किती झाली होती?"

"अरेरे," डॉक्टर कळवळले. "मनाचा ताण गुडघ्यावर येतो, बरं का. आणि जिने अजिबात चढायचे नाहीत." सभागृह तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट वर्षभर बंद. "फक्त पुढच्या टप्प्यात तुम्हाला घेता येणार नाही. सहभागी नोकरीत असायला हवा, असा निकष आहे."

"राहू दे तो टप्पा," भोवरा म्हणाली आणि सरांकडे वळली. "सर, खाली फलकावर वाचलं. तुमच्या विभागाला शिक्षिका हवी आहे. बसून शिकवलं तरी चालेल म्हणे. करू अर्ज?"

सरांनी मिशीला पीळ दिला. "अहो, तुमच्यासारखी बाई आम्हाला दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही."

"मग?"

"मग काही नाही, पण तुमच्या संचालकांशी आमचं जुनं ठरलेलं आहे ना. त्यांची माणसं आम्ही घेत नाही, आमची ते घेत नाहीत. बाकीच्या दोन संस्थांचंही तसंच. लेखी वगैरे काही नाही हो, आपलं सौजन्य!"

मॅडमचं पेन थांबलं. डॉक्टरांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. वर्षभर तिघे ज्या संगनमताच्या मागे शहर पालथं घालत होते, त्याचा चौथा भागीदार चहा ढवळत त्यांच्याच मधोमध उभा होता.

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग सावकाश उतरला. मिशा तेवढ्या जागच्या जागी राहिल्या.

"मॅडम, हे टिपून घेऊ नका हं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "निदान नाव तरी नको. बाई, तुम्हीच सांगा त्यांना."

भोवऱ्याने लाल मुठीची काठी जमिनीवर घट्ट रोवली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला हसू फुटलं.

"छे, छे, नाव कशाला? मॅडम, लिहा. सहभागी संस्था क्रमांक चार. तिसरा मजला, लिफ्ट बंद. आणि सरांच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी आठवणीने ओढा. मिशा राहू देत."