मागची पडवी

एर्नेस्टीन मळेवाल्याच्या मोठ्या घराला वळसा घालून मागे आली आणि जागीच थांबली. मागची पडवी नाही, पडवीचे खांब नाहीत. शिंपल्यांच्या चुन्याची भिंत उघडी पडलेली. तिथपासून थेट खाडीपर्यंत विकतचं गवत गालिच्यासारखं अंथरलेलं.

“पडवी कुठाय?”

देखरेखीवरचा हॅस्केल हसत पुढे आला. “ती मूळची नव्हतीच, बाई. मागाहून जोडलेली, म्हणून उतरवली. दोनशे वर्षांपूर्वी होतं, अगदी तसं केलंय घर. अख्ख्या कॅरोलिनात असं दुसरं दाखवा!”

“मग आम्हालाही परत गुलाम करून कापसात उतरवा की, साहेब,” सोबत आलेला तिचा दीर मोझेस म्हणाला. “तेवढंच कशाला राहू देता?”

हॅस्केलचं हसू विरलं. एर्नेस्टीनचं तिकडे लक्षच नव्हतं.

“आणि इथले कप? बश्या?”

“तो फुटका कचरा? गेल्या आठवड्यातच उचलला. चार ढकलगाड्या भरल्या. दुपारी नळांसाठी चर खणायचाय.”

मोझेसनं टोपी काढली. “साहेब, आमच्यात माणूस शेवटचं ज्या कपातनं प्यालं, तो फोडून त्याच्या थडग्यावर उशाशी ठेवतात. आमच्या माणसांना इथं दगड कोण लावू देत होतं?”

हॅस्केलचा चेहरा उतरला. “नकाशात नाही हो... कुणी बोललंही नाही. जागा दाखवा, बाई. तेवढी सोडून खणतो.” त्यानं लाल झेंडी पुढे केली.

पाठ खांबाला, तोंड खाडीला. पडवीच्या शेवटच्या खांबापासून एकवीस पावलं. तिथं निळ्या काठाचा कप, आणि कपाखाली एर्नेस्टीनची सात वर्षांची लेक, लव्हिनिया. तीस वर्षं लेकीपाशी यायची तिची हीच वाट होती.

एर्नेस्टीननं उघड्या भिंतीला पाठ लावली. पावलं मोजत गेली, परत आली, जरा डावीकडून पुन्हा निघाली. तिसऱ्या खेपेला मध्येच गुडघ्यांवर बसली आणि तापल्या लेकराचं कपाळ चाचपावं तशी जमीन चाचपू लागली. गवत सगळीकडे सारखंच गार.

“इथं?” हॅस्केलनं हळूच विचारलं.

ती उठली. जोडे काढून तिनं छातीशी धरले. निघायला एक पाय उचलला, तो तसाच अधांतरी राहिला.

“भावोजी,” ती म्हणाली, “मला उचलून न्या हो. पाय कुठं ठेवू मी?”